हरणीच्या खुरांची पावडर

मुरगूडच्या भर बाजारात गुंडूनं पिराजी नालबंदाची अब्रू काढली, तेव्हा अर्धा बाजार भोवती जमला होता. गुंडूची हरणी म्हणजे शर्यतीच्या गाडीची घोडी. नवे नाल मारले आणि चार दिवसांत ती पुढच्या दोन्ही पायांनी लंगडायला लागली.

"ह्यानं खिळं जित्या खुरात ठोकलं," गुंडू सगळ्यांना ऐकवत होता. "ह्येच्या हातात जनावर देऊ नगासा."

म्हातारा पिराजी मान खाली घालून ऐकत राहिला. गुंडूला तेच कबूल केल्यासारखं वाटलं.

मग खुरांच्या औषधाचा शोध सुरू झाला. पोरीला स्थळ बघताना बाप फिरत नाही एवढा गुंडू कोल्हापुरात फिरला. एका दुकानदारानं म्हशीला देतात ते क्षारांचं मिश्रण पुढं केलं. दुसरा म्हणाला, पावणं, बायोटिनची पावडर न्या, खूर लोखंडावानी हुतंय. गुंडूनं त्यातली सगळ्यात भारी उचलली. पण हरणी तिला तोंड लावीना.

घरचं गुऱ्हाळ असल्यावर अडतंय कशाला? गुंडूच्या बायकोनं, तानाबाईनं, गुळाचा मोठा खडा फोडून त्यात पावडर मळली. हरणीनं हातसुद्धा चाटून साफ केला. गुळाची चटक तिला आधीचीच. हंगामात येताजाता गुंडू तिच्या तोंडात खडा घालायचा, वर भरड्यात काकवी ओतायचा. आता औषधाच्या नावानं दुप्पट गूळ जायला लागला. गुण येईना म्हणून त्यानं दोनदा पावडर बदलली, गूळ मात्र तोच. एके दिवशी हरणी खाली बसली ती उठेचना.

तेव्हा जनावरांचे डॉक्टर आले. खुराला हात लावला तर खूर तापलेला. नाल उचकटून त्यांनी खिळ्यांच्या जागा निरखून बघितल्या आणि म्हणाले, खिळे अगदी सरळ आहेत, हिला चारता काय? तानाबाईनं कौतुकानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गोड फार झालं की घोड्याचे खूर आतून सुजतात, तुमच्या लाडानंच ही बसली, म्हणाले. गूळ बंद, मऊ जागेत बांधा, वाळलं गवत घाला, पावडर द्यायची तर कोंड्यातनं द्या.

गूळ बंद झाला आणि हरणी हळूहळू उभी राहिली. गुंडूनं खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण तिनं पाय टेकला की त्याला मान खाली घातलेला पिराजी दिसायचा आणि घास गोड लागायचा नाही.

"जावा की त्या म्हाताऱ्याकडं," तानाबाई म्हणायची. "चुकलं म्हनल्यानं जीभ झडत न्हाय."

उद्या जातो, उद्या जातो म्हणत त्यानं पावसाळा घालवला, दसराही घालवला. चारचौघांत ओरडताना लाज वाटली नव्हती, आता एकट्यात बोलायची वाटत होती. शेवटी हरणीचे खूर वाढून वाकडे झाले. ते तासायला माणूस हवा, आणि बाजारात पिराजीची जागा रिकामी. तेव्हा कुठं गुंडूचे पाय त्याच्या घराकडं वळले.

पिराजी वॉचमनचा खाकी शर्ट घालून कागलच्या एमआयडीसीत कामाला निघाला होता. गुंडूला बघून त्यानं लगबगीनं घोंगडं अंथरलं.

"हरणी चालती काय रं?"

"चालती, मामा."

म्हाताऱ्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. आत जाऊन खुरांच्या पावडरीचा नवाकोरा डबा घेऊन आला.

"ह्यो लई चांगला म्हनत्यात. इचारून इचारून आनलाय. द्यायला येनार हुतो, पर त्वांड दाखवायचं धाडस हुईना. तू म्हनलास आन् मला पटलं बग. डोळ्याला कमीच दिसतंय आता, ग्येला आसंल खिळा आत. मुकं जनावर, त्येचं पाप नगं म्हनून धंदाच सोडला."

गुंडूला वाटलं, ह्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मामा, खिळा सरळ हुता," तो कसाबसा म्हणाला. "गुळानं झालं त्ये. मीच चारत हुतो."

पिराजी आपल्या दोन्ही हातांकडं बघत बसला.

"कवा कळलं तुला?"

"उन्हाळ्यात."

"ऐरण म्या औंदाच्या खंडेनवमीला पुजली," पिराजी म्हणाला, "आन् दुसऱ्या दिशी, दसऱ्याला, इकली."

मग त्यानं डबा गुंडूच्या हातात दिला आणि कामाची वेळ झाली म्हणून तो निघाला.