लोहगडवाडीसाठी गोल हब

शनिवारी संध्याकाळी निवृत्तीभाऊ बेडशाहून येणार होते आणि गुरुवार मावळला तरी सार्थककडे धड हब नव्हता.

हब म्हणजे काय, हे त्याने घरात समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. लॅपटॉपला वायर खुपसायची एकच जागा जिवंत, बाकीच्या मेलेल्या. आणि जोडायचे तीन कीबोर्ड. मग एका जागेच्या चार जागा करणारी डबी लागते. ती हब.

"म्हंजे वाटणीच की," सार्थकची आई, बयाबाई, म्हणाल्या. या घरात सून म्हणून आल्यापासून तोच एक विषय त्यांना पाठ झाला होता.

वाटणी तीन भावांची. थोरले महिपती आबा, मधले गेनूनाना आणि धाकटे सार्थकचे वडील, अप्पा. जमीन वाटली, म्हशी वाटल्या, किल्ल्याच्या पायथ्याचं पिठलं-भाकरीचं हॉटेल वाटलं. आता तिथं शेजारीशेजारी तीन टपऱ्या आहेत आणि तिन्हींच्या पाटीवर 'मूळ' असं लिहिलंय. शेवटी उरली भजनाची पेटी. तीही वाटली. भाता आबांकडे गेला, सूर नानांकडे आणि रिकामं खोकं अप्पांकडे. अप्पा त्यात कांदे ठेवतात.

पुढे तिघांनीही ईर्षेने एकेक कीबोर्ड आणला. आबांचा मोठा. नानांचा त्याहून थोडा मोठा. अप्पांचा सगळ्यात स्वस्त, कारण त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. वीजही तो वायरीतूनच घ्यायचा. कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय मुका. हे अप्पांना घरी आणल्यावर कळलं. पण भावांना कळू नये म्हणून तीन वर्षं ते रोज पहाटे ओसरीवर बसून त्याच्यावर नुसती बोटं फिरवत होते. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "साधना चाललीय." शेजारी त्यांच्यावर फार खूश होते.

हे असंच चाललंही असतं. पण सार्थकला राजेश्वरीशी लग्न करायचं होतं. खंडाळ्याच्या एका हॉटेलात तो वायफाय, स्पीकर आणि एकूणच ज्याला वायर आहे ते सगळं बघायचा. ती तिथेच रिसेप्शनला. तिच्या वडिलांची, निवृत्तीभाऊंची, मुलाबद्दल तक्रार नव्हती. भावकीबद्दल होती. त्यांची बहीण अशाच फुटक्या भावकीत दिलेली. कुणाच्या घरी चहा प्यायचा आणि कुणाच्या नाही, या काळजीत तिचा जन्म गेला. म्हणून त्यांनी निरोप धाडला होता: तिघं भाऊ एका भजनाला बसलेले मला दिसू द्या, मग बोलू. नाही दिसले, तर रविवारी चिंचवडचा एक मुलगा यायचा होता. त्याला भावकीच नव्हती.

सार्थकने तिघांचे पाय धरले. तिघं कबूल झाले. पण प्रत्येकजण आपला आवाज दुसऱ्याच्या वर नेणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने ठरवलं, आबा-नानांच्या कीबोर्डचे स्वतःचे आवाज शून्यावर आणि सगळं एका लॅपटॉपमधून, एका स्पीकरवर, सारख्या मापाने.

पहिला हब त्याने लोणावळ्याच्या बाजारातून, इकबालभाईंच्या दुकानातून आणला. सरळ, पट्टीसारखा, चार जागांचा. गुरुवारी देवळात तालीम लावली. आबांनी चष्मा लावून हब निरखला.

"ह्यो एक नंबर कुणाचा?"

"आबा, तो नुसता आकडा आहे."

"नुसता आकडाच हाय ना? मग मला द्या की," नाना म्हणाले.

सार्थकने ब्लेडने चारही आकडे खरवडले. मग लॅपटॉपच्या जवळची जागा कुणाची, हे निघालं. आबा म्हणाले, पालखीला पहिला खांदा आमचा, तर वायरही पहिली आमची. नाना म्हणाले, पालखीला पाय लागतात, हितं लागत न्हाईत. त्या गदारोळात अप्पांचा कीबोर्ड विझला. हबला स्वतःची वीज नव्हती आणि लॅपटॉपची पुरेना.

"तोडलं मला," अप्पा शांतपणे म्हणाले. "देवादेखत तोडलं."

शुक्रवारी सार्थक पुन्हा इकबालभाईंच्या काउंटरला टेकला. रात्रभर झोप नव्हती.

"सरळ हबला काय झालं?" इकबालभाईंनी विचारलं.

"त्याला पहिली जागा आहे."

"सगळ्यालाच असते."

"आमच्याकडे ती चालत नाही. मानाचं आहे."

दुसऱ्या कुणी याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. इकबालभाई मात्र गंभीर झाले. समोर त्यांच्या भावाचं, अजीमचं, दुकान होतं. "तो माझ्याआधी शटर उघडतो," ते म्हणाले, "म्हणून संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोलत नाही. कळलं मला तुझं." आणि त्यांनी मागच्या फळीवरून एक डबी काढली. गोल, भाकरीच्या उंड्याएवढी. चार दिशांना चार जागा, लॅपटॉपची वायर खालून मधोमध, आणि विजेसाठी स्वतःचा अडॅप्टर.

सार्थकने अंगठा कडेने फिरवून बघितला. कुठेच सुरुवात लागली नाही. त्याचे डोळे भरून आले.

"हबसाठी रडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय," इकबालभाई म्हणाले.

शनिवारी देवळाच्या सभामंडपात त्याने हब पितळी ताटात ठेवला, भोवती तिघांना बसवलं. वीज देवळाची, म्हणजे कुणाच्याच घरची नाही. तिघांनाही तक्रारीला जागा सापडेना. ते अस्वस्थ झाले. तेवढ्यात राजेश्वरीचा फोन आला.

"बाबा पोचतीलच. एक सांगायचं राहिलं. ते त्यांचा कीबोर्ड घेऊन आलेत."

"का?"

"भजनाला ते रिकाम्या हाताने जात नाहीत. किती जागा आहेत?"

"चार."

"मग झालं तर," म्हणून तिने फोन ठेवला. तिला भावकी नवीन होती.

निवृत्तीभाऊ गोधडीत बांधलेला कीबोर्ड काखेत घेऊन आले, राम राम झाला आणि तिघांकडे पाठ करून ते गोधडीच्या गाठी सोडायला बसले. "आमची पेटी कुटं लावू?"

आबांनी ताटात पाहिलं. एक जागा रिकामी होती.

"पाव्हण्याला उरलेली जागा?" ते सार्थकच्या कानात म्हणाले. "लाज हाय का?" आणि त्यांनी आपली वायर उपटली. आबांनी मान सोडला म्हटल्यावर नाना मागे राहतात होय? त्यांनीही उपटली. मुलाचा बाप म्हणून अप्पांनी तर दोघांच्याही आधी उपटायला हवी होती; उशीर झाला म्हणून त्यांनी ती दुप्पट जोराने उपटली. हब उघडा पडला. आता पाहुणा कुणाच्या जागी वायर लावणार, यावर तिघांचे डोळे खिळले. एकाची घेतली की दोघं रुसणार.

गाठ सुटत आली होती. सार्थकने विचार केला नाही. त्याने ताटावर हात ठेवला आणि हब गरागरा फिरवला. थांबला तेव्हा कुणाची जागा कुठली, हे देवालाही सांगता आलं नसतं. निवृत्तीभाऊंनी वळून हाताला आली तिथे वायर खोचली, डोळे मिटले आणि सूर धरला.

आता तिघांनी करायचं काय? हात तर पट्ट्यांवर होते. अप्पांनी सवयीने बोटं फिरवायला घेतली. त्यांना सराव होता. त्यांचं बघून नाना, नानांचं बघून आबा. तिघंही मुक्या पेट्या जीव ओतून वाजवत होते, घामाघूम होत होते, आणि आवाज एकट्या निवृत्तीभाऊंचा येत होता. सार्थक खांबाला धरून उभा होता. मधेच निवृत्तीभाऊंनी डोळे उघडले. तिघा भावांची बोटं पाहिली. स्पीकरकडे कान केला. सार्थकला चिंचवडचा मुलगा दिसायला लागला, चांगला उंच, भावकी नसलेला.

भजन संपलं. निवृत्तीभाऊंनी उपरण्याने तोंड पुसलं.

"लय भजनं ऐकली मी," ते म्हणाले. "पण तीन भावांचा हात इतका एक झालेला न्हाई ऐकला. कुणाचा येगळा ऐकूच येत न्हाई."

"नवसाची हायती," बयाबाई पदराआडून म्हणाल्या.

चहा झाला, तोही देवळातच. निवृत्तीभाऊ उठले, पण कीबोर्ड उचलला नाही. "राहू द्या हितंच. तारीख काढायला परत यायचंच हाय."

सार्थक त्यांना मोटरसायकलपर्यंत सोडायला निघाला. देवळाच्या पायऱ्या उतरतात न उतरतात तोच मागे आबांचा आवाज चढला. पाव्हण्याची पेटी थोरल्याच्या घरी राहील. नाना म्हणाले, का म्हणून. अप्पा म्हणाले, सोयरीक कुणाची हाय. मग तिघांचं एकदम सुरू झालं.

निवृत्तीभाऊ किल्ली लावता लावता थांबले. "काय चाललंय मागं?"

"दुसरा अभंग लावलाय, भाऊ," सार्थक म्हणाला.

निवृत्तीभाऊंनी मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं.

"पेटी न्हाई घेतली त्यांनी ह्या येळंला," ते म्हणाले आणि त्यांनी किक मारली. "पण आवाज लागलाय."