गुडघ्यांच्या गोळ्या

मालकीणबाईंच्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे जरा मोठाच घास होता. गल्लीच्या टोकाला जिथे पूर्वी छापखाना होता, त्या दोन खोल्या, दळायचं एक यंत्र, कॅप्सूल भरायचं हाताने दाबायचं दुसरं यंत्र आणि डोक्याला पांढऱ्या टोप्या घातलेल्या पाच बायका. झाडाच्या डिंकाचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून तो गुडघेदुखीवर विकायचा, हा धंदा. लोक त्यांना गोळ्याच म्हणत. अकरा वर्षांत धंदा फार फुगला नव्हता, पण कोणाकडून कधी तक्रारही आली नव्हती आणि मालकीणबाईंना त्याचाच अभिमान होता.

त्या वर्षी सरकारने एका नव्या कायद्याचा मसुदा काढला. तब्येतीसाठी म्हणून विकली जाणारी प्रत्येक पावडर, प्रत्येक कॅप्सूल आधी नोंदवायची आणि प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यायची, मगच विकायची. छोट्या उत्पादकांचं धाबं दणाणलं. त्यांच्या संघटनेने जाहीर सुनावणीत बोलायला मालकीणबाईंची निवड केली, कारण त्या बोलायला लागल्या की समोरचा घड्याळाकडे बघायचा विसरतो अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी विरोधाचं चार पानी भाषण लिहून काढलं.

घरात मात्र त्या भाषणाला रोज उत्तर मिळायचं. धाकटी नणंद मोठ्या इस्पितळाच्या औषधभांडारात काम करायची आणि वरच्या खोलीत राहायची. जेवायला बसल्या की दोघींची जुंपायची.

हा कायदा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मालकीणबाईंचं म्हणणं. फसवणारे फसवतच राहतील आणि तपासणीच्या खर्चाने आमच्यासारखे मरतील. नणंद म्हणायची, सध्या आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्याचं काय? बाटलीवर पानाचं चित्र काढलं की आत काय आहे ते कोणी विचारतच नाही. मालकीणबाईंचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो अशा वेळी आपलं ताट उचलून खिडकीपाशी जायचा. आणि सासूबाई म्हणायच्या, "दोघींचंही बरोबर आहे. आता मला भाजी वाढा."

सासूबाई म्हणजे तर मालकीणबाईंचा हुकमी एक्का होता. दोन वर्षांपूर्वी त्यांना खुर्चीतून उठायला आधार लागायचा. सुनेच्या गोळ्या त्या तेव्हापासून घेत होत्या, पण खरा फरक पडला तो गेल्या सात-आठ महिन्यांत. आता त्या तीन जिने चढून धाकट्या लेकीच्या खोलीत जाऊन बसत. चेहराही भरला होता, गाल गोल झाले होते. गिऱ्हाईक जरा घुटमळलं की मालकीणबाई म्हणायच्या, "आमच्या सासूबाईंकडे बघा की."

सुनावणीला दहा दिवस होते, तेव्हा सासूबाई न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. दोन दिवस त्यांना उलट्या होत होत्या, अन्न नकोसं झालं होतं. पोट बिघडलं असेल म्हणून घरच्यांनी फार मनावर घेतलं नव्हतं. इस्पितळात पोचेपर्यंत रक्तदाब इतका खाली गेला होता की नर्सने दोनदा मोजून खात्री केली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा गोल चेहरा पाहिला, हातावरची पातळ झालेली कातडी आणि तिच्यावरचे निळे डाग पाहिले आणि विचारलं, "स्टिरॉइड कधीपासून घेतायत या?"

"छे हो. त्या कुठलंच औषध घेत नाहीत," मालकीणबाई म्हणाल्या. "फक्त माझ्या गोळ्या घेतात."

बोलून गेल्या आणि मग आपलंच वाक्य त्यांच्या कानावर पडलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. मग ते अचानक बंद पडलं तर माणूस असा कोसळतो. यांच्या अंगात ते कुठून तरी जात होतं आणि चार-सहा दिवसांपूर्वी थांबलं होतं. सध्या आम्ही ते मोजून देऊ, पुढे हळूहळू कमी करू. जीव वाचेल. पण ते आलं कुठून, हे मला कळायला हवं.

मालकीणबाईंना अर्काचा व्यापारी आठवला. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी अर्काचा व्यापारी बदलला होता. नव्या व्यापाऱ्याने मालासोबत 'शुद्ध व तपासलेले' असा शिक्का मारलेला कागद दिला होता. तो त्यांनी फायलीत लावला. अर्काचा वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिला, रंग पाहिला. अकरा वर्षं त्यांची तपासणी ती एवढीच. आणि सासूबाईंचे गुडघे सुधारले ते बरोबर आठ महिन्यांपूर्वीच. बरं वाटेना तशा गेल्या आठवड्यात त्यांनी गोळ्या घ्यायच्या थांबवल्या असतील.

नणंद बाहेर भिंतीला टेकून उभी होती. ती आता काय बोलणार हे मालकीणबाईंना पाठ होतं. पण ती म्हणाली, "वहिनी, आईच्या कपाटातली बाटली दे. आणि कारखान्यातली एक, सील न फोडलेली. प्रयोगशाळेत मी स्वतः नेऊन देते. पाच दिवस लागतील."

नवऱ्याने सांगून पाहिलं, की पाच दिवस थांब, अहवाल येऊ दे, आत्ताच कशाला आपल्या हाताने बदनामी ओढवून घ्यायची. मालकीणबाईंना ते पटतही होतं. पण डोळ्यांपुढे सारखी येत होती ती कुठलीतरी म्हातारी, न्हाणीघराच्या दारात पडलेली, आणि तिच्या घरात औषधांची जाण असलेलं कोणी नाही.

दुपारी त्यांनी वही उघडली आणि एकतीस दुकानांना एकामागून एक फोन केले. माझ्या बाटल्या फळीवरून काढा. ज्यांनी नेल्यात त्यांना सांगा, की डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवल्याशिवाय गोळ्या एकदम बंद करू नका. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं वाक्य त्यांनी कागदावर लिहून ठेवलं होतं आणि दरवेळी तेच वाचून दाखवत होत्या. एक दुकानदार म्हणाला, बाई, असं कोणी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतं का? त्यांनी पुढचा नंबर लावला.

कारखान्यात यंत्रं बंद होती. पाचही बायका कामावर येत होत्या आणि धुतलेल्याच चाळण्या पुन्हा धूत होत्या.

तिसऱ्या दिवशी सासूबाई उशीला टेकून बसल्या. गालांवर जरा रंग आला होता. बोलता बोलता लेकाच्या तोंडून निघून गेलं, की कारखाना बंद आहे आणि का बंद आहे. त्यांनी लगेच सुनेला बोलावून घेतलं आणि लेकाला चहा प्यायला बाहेर पाठवलं.

"तू कारखाना कशाला बंद केलास?"

"आई, तुमच्या अंगात ते औषध माझ्याच गोळ्यांतून गेलं असेल तर?"

सासूबाईंनी चादरीची घडी नीट केली. मग म्हणाल्या, "तुझ्या गोळ्या मी घेतच नव्हते गं."

मालकीणबाईंना काही उमजेना.

"म्हणजे पहिल्यांदा घेतल्या. वर्षभर घेतल्या. गुण येईना. आता तुला कसं सांगू? तू सगळ्यांना माझं कौतुक सांगतेस. मग माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या मैत्रिणीने दुसऱ्या दिल्या, फोनवर मागवायच्या असतात. चार दिवसांत पाय मोकळे झाले बघ. शिवणाच्या डब्यात आहे बाटली, बटणांच्या खाली. तुझ्या गोळ्या मी रोज एक काढून टाकून द्यायचे, बाटली संपायला हवी ना. गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्या संपल्या आणि नवीन काही आल्या नाहीत."

मालकीणबाईंना रागवायचं होतं. पण त्यांना आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि शेवटी सासूबाईंनाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

बटणांखाली बाटली सापडली. तळाला अर्धी तुटलेली एक गोळी होती. झाकणावर हिरवं पान होतं, बनवणाऱ्याचा पत्ता मात्र कुठेच नव्हता. नणंदेने तीही प्रयोगशाळेत दिली. आता धोका टळला असं नवरा म्हणाला, पण मालकीणबाईंचा जीव अजून टांगणीलाच होता. सासूबाईंनी गोळ्या टाकून दिल्या म्हणजे त्या शुद्ध होत्या, असं थोडंच होतं?

पाचव्या दिवशी नणंद फोन न करता थेट कारखान्यात आली. दारातूनच म्हणाली, "तुझ्या दोन्ही बाटल्या स्वच्छ आहेत. डिंकाशिवाय काही नाही. त्या दुसरीत भरपूर स्टिरॉइड."

मालकीणबाई अर्काच्या पिंपावर बसल्या. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं.  टोपीवाल्या बायकांपैकी सगळ्यात थोरली पुढे आली, तिने तो कागद उलटा-सुलटा पाहिला आणि यंत्राचं बटण दाबलं.

"आता तरी बोल," मालकीणबाई नणंदेला म्हणाल्या. "म्हण, मी सांगत होते म्हणून."

"कशाला बोलू? तुझा माल चांगला निघाला."

"निघाला. पण मला ते ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं मी नुसता वास घेत होते."

सुनावणीला सभागृह भरलं होतं. मालकीणबाईंनी चार पानं पिशवीतच ठेवली. मी विरोध करायला येणार होते, त्यांनी सांगितलं, आणि घरात काय घडलं ते बारीकसारीक तपशिलासकट, आपल्या गोळ्यांनी गुण आला नव्हता हेही न लपवता, सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "तपासणी हवी. पण आम्हाला परवडेल अशी हवी. जिल्ह्याला एक सामायिक प्रयोगशाळा द्या, धंदा बघून शुल्क लावा, तयारीला वर्षभर द्या. आणि सुरुवात आमच्यापासून करू नका, ज्यांच्या बाटलीवर पत्ताच नसतो त्यांच्यापासून करा."

संघटनेचे दोघेजण उठून बाहेर गेले. सुनावणीच्या अध्यक्षांनी मात्र सामायिक प्रयोगशाळेबद्दल दोन प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली आणि पत्ता नसलेल्या बाटलीचा अहवाल मागून घेतला. त्याच आठवड्यात त्या गोळ्यांवर बंदी आली. कायद्यात शेवटी काय उतरेल ते ठरायला अजून अवकाश होता. पण एकतीसपैकी सव्वीस दुकानदारांनी बाटल्या पुन्हा विकायला मागवल्या आणि सासूबाई घरी आल्या. डोस दर पंधरवड्याला कमी होत होता, गुडघे पुन्हा कुरकुरू लागले होते. त्या काठीला नावं ठेवत काठी टेकत चालत होत्या.

त्या दिवशी सुनावणीहून परतताना नणंद-भावजय बसमध्ये मागच्या बाकावर बसल्या. दहा दिवसांत मालकीणबाई धड झोपल्या नव्हत्या. नणंद काहीतरी सांगत होती, ते अर्ध्यावर असतानाच त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर कललं. उतरायचं ठिकाण आलं आणि गेलं. नणंदेने वाहकाला बोटानेच खूण केली आणि शेवटच्या थांब्यापर्यंतची तिकिटं घेतली.