पाहुणीचा पंखा

एदिताच्या घरात त्या दिवशी जो पंखा फिरत होता तो माझा होता. ताटल्या शाळेतल्या बाईंच्या होत्या, टेबलावरचं कापड प्रार्थनाघरातलं, आणि खुर्च्या वाडीच्या सभामंडपातल्या. एदिताची स्वतःची अशी एकच गोष्ट टेबलावर होती, कोंबडी. अंडी देणारी होती. सकाळीच कापली आणि शहाळ्याच्या पाण्यात शिजत घातली.

आमच्या वाडीत कुणाकडेही पाहुणा आला तरी तो सगळ्यांचा असतो. त्याला फुटक्या ताटलीत वाढलं तर मान सगळ्यांचीच खाली जाते. म्हणून कुणी मागायच्या आधीच घराघरांतून वस्तू निघतात आणि पाहुणा गेला की धुऊन-पुसून परत येतात. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पाहुणी होती प्रतिष्ठानची. नेग्रोस बेटावरच्या ऊसमळेवाल्यांनी आपल्या आजीच्या, दोन्या म्हणजे बाईसाहेब एन्ग्रासियाच्या नावाने ते काढलं आहे. दरवर्षी आमच्या वाडीतल्या एका मुलाला कॉलेजची चार वर्षं मिळतात. फी, पुस्तकं, इलोइलो शहरात राहणं-जेवणं, सगळं. त्याआधी घरची गरिबी बघायला त्यांचं माणूस घरी येतं. एदिताची मारिझेल शाळेत पहिली आली होती. तिला शिक्षिका व्हायचं होतं. तिच्या बापाने वीस वर्षं त्याच मळ्यांवर ऊस तोडला होता, आणि आता तो पडद्यामागे चटईवर खोकत पडलेला असे. प्रतिष्ठानने हात दिला नाही तर मारिझेलपुढे धुणीभांडी होती, दुसरं काही नव्हतं.

आदल्या दिवशी एदिता माझ्या दाराशी आली. वाडीत मला सगळे मनांग म्हणतात, म्हणजे थोरली बहीण.

"मनांग पुरिंग, पंखा द्याल? बाई शहरातून येतेय. आमच्यात घामाने भिजून जाईल बिचारी."

"ने की. पण जपून. त्याची मान डावीकडे वळली की अडकते."

"आमच्या ह्यांची पण अडकायची," एदिता म्हणाली. "डावीकडे कोण राहायचं, ठाऊक आहे ना?"

आम्ही दोघी खूप हसलो. तिच्या घरी वीज नव्हती, तेव्हा माझ्याच खिडकीतून तार टाकून दिली.

ती गेली आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या जरा आधी हर्मी आली. तिचा नवरा वाडीचा पंच. तो आणि त्याचा भाऊ फ्रिज उचलून आणत होते, मागून चादरीत गुंडाळलेला टीव्ही.

"मनांग, घराला रंग काढायचाय. दोन दिवस राहू दे तुमच्याकडे."

"कुठला रंग देताय?"

"अजून ठरतोय," हर्मी म्हणाली. "तुम्ही देवमाणूस, तुमच्याकडे वस्तू कशी सुरक्षित राहते!"

जागा फक्त प्रभूच्या माउलीच्या मूर्तीखाली होती, तिथे फ्रिज ठेवला. पाहुणी एदिताच्या घरानंतर हर्मीच्याही घरी जाणार होती, तिच्या मुलासाठी, केविनसाठी, हे मला माहीत होतं. मला काही कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. माझा नवरा वादळात नऊ दिवस समुद्रावर हरवून जिवंत परतला, तो परत यावा म्हणून मी नवस बोलले होते: रोज पहाटे पूर्ण जपमाळ, आणि तोंडातून खोटा शब्द नाही. नवरा जाऊन आता बारा वर्षं झाली. नवस चालूच आहे.

दुसऱ्या दिवशी मिस पालोमार आली. वय पंचविशीचं, गोड बोलणारी, हातात पाटीएवढा टॅब. बांबूच्या जमिनीवर पाऊल टाकताना घाबरली, तेव्हा मारिझेलने तिचा हात धरला. मी वाढायला होते. पंखा डावीकडे वळला आणि पाहुणीच्या तोंडावरच अडकला. तिने डोळे मिटून वारं घेतलं.

"अहाहा! बरं वाटलं. पंखा तुमचाच का?"

हे विचारताना तिचं बोट टॅबवर टेकलेलं होतं. एदिता माझ्याकडे बघेना.

"आमचाच हो, मॅम. घ्या ना आणखी थोडं. मांडीचा तुकडा घ्या."

"आणि हा डिनर सेट?"

"आहे आपला साधाच. पाहुण्यांसाठी ठेवतो."

अशा वेळी दुसरं काय म्हणणार? 'ही ताटली मागून आणलीय' असं पाहुणीला सांगायचं म्हणजे तिच्या घशात घास अडकवायचा. मिस पालोमारने टॅबवर दोनदा बोट टेकवलं, आणि मग एकदा, खुर्च्यांसाठी. शेवटी त्या माहितीखाली एदिताने सही केली. मी भांडं हातात घेऊन उभी होते. 'पंखा माझा आहे' एवढं मी म्हणू शकले असते. एदिताची लाज जाईल म्हणून गप्प राहिले. खोटं तर मी बोलले नव्हते. घरी येऊन मला तसं हायसंही वाटलं, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मग पाहुणी हर्मीकडे गेली. हर्मी उसवलेला झगा घालून उंबऱ्यावर बसली होती. घरात एक चटई. पाहुणीला तिने पत्र्याच्या पेल्यात पाणी दिलं आणि दोन बिस्किटं. मी खिडकीतून बघत होते. बाहेर पडताना मिस पालोमार डोळे पुसत होती.

महिन्याने यादी प्रार्थनाघराच्या दाराला लागली. नाव केविनचं होतं. मारिझेलने यादी दोनदा वाचली, पायांतल्या सपाता काढून हातात घेतली आणि अनवाणी घरी चालत गेली. धाय मोकलून रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही.

तीन दिवस मला जप जमेना. मणी पुढे सरकत, मन पंख्याच्या मानेसारखं एकीकडेच अडकून राही. चौथ्या दिवशी मी भाड्याची गाडी, जीपनी, पकडून शहरातल्या त्यांच्या कचेरीत गेले. कुणाला न विचारता गेले.

मिस पालोमारने मला ओळखलं. बसायला दिलं, पाणी दिलं, तेही थंड. मी सगळं सांगितलं. पंखा माझा, वीजसुद्धा माझी, ताटल्या बाईंच्या, एदिताच्या घरात काही नाही.

तिने ऐकून घेतलं. मग टॅबवर मारिझेलची माहिती उघडली.

"मनांग, तुम्ही हे का सांगितलंत?"

"खरं आहे म्हणून."

"मारिझेल प्रतीक्षा यादीत पहिली होती," ती हळू म्हणाली. "शेजारच्या गावातला मुलगा कॉलेज सोडून जातोय. पुढच्या आठवड्यात मी तिलाच बोलावणार होते."

"मग बोलवा ना!"

"आता कशी बोलावू? तिच्या आईने सही केलीय की दिलेली माहिती खरी आहे. तुम्ही सांगताय ती खोटी होती. खोटी माहिती दिली की नाव कायमचं काढायचं, असा नियम आहे. तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंच नसतं."

"पण ती आहे त्यापेक्षा जास्त सांगत होती, बाळा. मानासाठी. कमी दाखवून लुबाडत नव्हती."

"नियमात जास्त-कमी असं काही नाही."

"आणि कुणी कमी दाखवलं असेल तर?"

तिने मान वर केली. "कुणाबद्दल बोलताय?"

माझ्या ओठांवर आलं होतं. पण केविनचं नाव कापलं म्हणून मारिझेलचं लागणार नव्हतं. फक्त आणखी एक पोर घरी बसलं असतं. मी पुन्हा गप्प राहिले. मिस पालोमारने तिथेच मारिझेलच्या नावावर रेघ मारली. रेघ मारताना "आय अॅम सॉरी" म्हणाली. मनापासून म्हणाली, एवढं मला दिसलं.

परत आले तेव्हा एदिता पंखा घेऊन माझ्या दारात उभी होती. एकेक पातं पुसून लखलखीत केलेलं, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं. महिनाभर द्यायचा राहून गेला होता.

"शहरात गेला होतात म्हणे. कशाला?"

मी सांगितलं. प्रतीक्षा यादीचंही सांगितलं. लपवता आलं असतं, पण नवसाची सवय जडलेली.

ती ओरडली नाही. पंखा खाली ठेवला, तार नीट गुंडाळली.

"त्या दिवशी बोलायचं होतं मनांग, आणि आज गप्प बसायचं होतं."

"मला वाटलं..."

"तुम्हाला तुमचा देव सांभाळायचा होता. सांभाळलात. हा घ्या पंखा. मान अजून अडकते."

पुढच्याच आठवड्यात मारिझेल मनिलाला गेली, कुणाच्या तरी घरी, मुलं सांभाळायला. जाताना माझ्या हाताला कपाळ लावून आशीर्वाद घेतला. तिच्या आईने तिला त्यासाठी पाठवलं नव्हतं, ती आपली आपण आली होती. त्यामुळे ते जास्त लागलं.

नोव्हेंबरात दोन्या एन्ग्रासियाच्या पुण्यतिथीचा दिवस आला. ज्या वाडीतलं मूल निवडलं जातं, त्या वाडीने तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची असते. आमच्याकडे प्रार्थना मीच सांगते, गेली वीस वर्षं. हर्मीने पाहुण्यांच्या सरबतासाठी फ्रिज प्रार्थनाघराच्या ओसरीवर आणून ठेवला होता, उघड्यावर, सगळ्यांसमोर. मिस पालोमार त्यातलं सरबत प्यायली. "किती गार आहे!" म्हणाली. त्या दिवशी तिच्या हातात टॅब नव्हता. माझा पंखाही तिथेच होता; त्याची मान वळून तिच्याकडे अडकली होती.

वेदीपाशी उभं राहिलं की दारातून समोर एदिताचं घर दिसतं. वाडीत पाहुणे आले असताना आमच्याकडे कुणी खिडकी लावून घेत नाही. तिची लावलेली होती.

जपमाळ संपली. मग हर्मीने माझ्या हातात प्रतिष्ठानचं छापील कार्ड दिलं, मोठ्याने वाचायला. त्यावर होतं: "हे प्रभो, जिच्या औदार्याने या वाडीतलं एकही हुशार लेकरू मागे राहिलं नाही, त्या तुझ्या सेविकेला चिरशांती दे."

मी कार्ड दोन वेळा मनात वाचलं. सगळे डोळे मिटून थांबले होते. मिस पालोमारने हात जोडलेले होते. हर्मी खाकरली, "मनांग, वाचा ना."

मी वाचलं. स्पष्ट, एकही शब्द न गाळता.

"आमेन," सगळे म्हणाले. केविनची आई सगळ्यांत मोठ्याने.