अल्माची पेट्रोना

व्हियारिका गावात रुमिल्दा ओव्हेलारचा दातांचा दवाखाना चांगला चालायचा. हात हलका, बोलणं गोड; दाढ काढून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी तिलाच टोपलीभर संत्री आणून द्यायचा. पण पन्नाशी उलटल्यावर तिच्या मनाने घेतलं, की आपण कादंबरी लिहायची. तीही साधीसुधी नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागेल अशी.

त्यासाठी तिने लॅपटॉपवर लेखकांसाठीचं खास सॉफ्टवेअर घेतलं. त्यात प्रकरणांसाठी रंगीत कार्डं होती, पात्रांसाठी वेगळी पानं होती आणि खाली एक पट्टी होती. दिवसाचे ठरवलेले शब्द लिहून झाले, की ती हिरवी व्हायची. रुमिल्दा कार्डांवर जाम खूश झाली. नायिकेच्या सासऱ्याच्या चुलतभावाची कुठली दाढ किडली आहे, हेसुद्धा तिने नोंदवून ठेवलं. पट्टी मात्र लाल ती लालच.

मग तिने लेखकांच्या मुलाखती ऐकून सवयी लावून घेतल्या. दुपारी गाव झोपलं, की ती दवाखान्याला कडी घालायची, बर्फ घातलेल्या तेरेरे चहाचा पेला शेजारी ठेवायची, वडिलांची गवती टोपी चढवायची आणि पेशंटच्या खुर्चीत आडवी होऊन लॅपटॉप मांडीवर घ्यायची. थोड्याच वेळात घोरायला लागायची.

"आज काय झालं लिहून?" चार वाजता दार उघडताना मदतनीस ब्लासिदा विचारायची.

"आज वातावरण तयार केलं."

"कालही वातावरणच केलं होतंत, बाई. एवढ्या वातावरणात एखादी सर तरी पडायला हवी होती."

शेवटी एक सवय मात्र लागू पडली. लिहिलेलं मागे वळून वाचायचंच नाही, असं कुणीतरी मुलाखतीत सांगितलं होतं. रुमिल्दाने ते व्रतासारखं धरलं आणि खरोखरच पट्टी हिरवी व्हायला लागली. नायिका अल्मा भल्या नवऱ्याला सोडून सर्कशीतल्या ट्रम्पेटवाल्याबरोबर पळाली, नवरा झुरून मेला, आणि त्याच्या अंत्यविधीचं प्रकरण लिहिताना रुमिल्दाने टोपी काढून डोळे पुसले.

वाचनालयाचे प्रमुख पोर्फिरियो दात साफ करायला आले, तेव्हा तिने त्यांच्या उघड्या तोंडावर वाकून हे सगळं सांगितलं. तोंड मिटायची परवानगी मिळताच ते म्हणाले, "मग शनिवारी आमच्याकडे वाचा की, डॉक्टरीणबाई. अल्मालाही घेऊन येतो."

ते गेल्यावर ब्लासिदा हत्यारं धूत म्हणाली, "त्यांच्या बायकोचं नाव अल्मा, आणि तुमची अल्मा पळून जाते. गावाला तेवढंच पुरे."

रुमिल्दा तडक लॅपटॉपपाशी गेली. तिने घाईघाईने नवं नाव शोधलं. पेट्रोना. हल्ली मुलीचं नाव पेट्रोना कोण ठेवतंय. सॉफ्टवेअरला सांगितलं, की जिथे जिथे अल्मा आहे तिथे पेट्रोना कर. एक कळ दाबली आणि काम झालं. आता, आमच्या गावच्या भाषेत अल्मा हे बाईचं नाव आहे तसंच आत्म्यालाही अल्माच म्हणतात, हे रुमिल्दाला काय ठाऊक नव्हतं? पण घाईत डोक्यात आलं नाही आणि मागे वळून वाचायचं तर नव्हतंच. पानं छापली आणि पिशवीत टाकली.

शनिवारी वाचनालय भरलं होतं. मागे चीजच्या चिपा पावांची टोपली फिरत होती, पंखे घरघरत होते. पहिली दोन पानं छान गेली. पेट्रोना पळाली, बायका हळहळल्या. मग नवरा अंथरुणाला खिळला.

रुमिल्दाने आवाज खाली आणला. "त्याने डोळे मिटले, आणि त्याची पेट्रोना अलगद देहातून बाहेर पडली."

कुणीतरी खाकरलं. रुमिल्दाला काहीतरी खटकलं, पण ती वाचत गेली.

"पाद्री म्हणाले, 'देवा, या माणसाच्या पेट्रोनाला शांती दे.'"

"कशी मिळेल? ट्रम्पेट वाजतंय तिकडे," मागून एक जण म्हणाला.

खुर्च्या हलायला लागल्या. रुमिल्दाचे कान तापले. काय झालंय ते आता तिच्या लख्ख ध्यानात आलं होतं, पण पुढच्या ओळी छापलेल्या होत्या, आणि नुसतं उभं राहून माफी मागण्यापेक्षा वाचणं सोपं होतं. तिने वाचलं, "'लक्षात ठेवा, प्रत्येक माणसाला एकच पेट्रोना असते, आणि ती अमर आहे.'"

तिसऱ्या रांगेतून दोन्या पेट्रोना, म्हणजे पेट्रोनाबाई, उठली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, तिची कवळी रुमिल्दानेच बसवलेली. काठीवर रेलून ती शांतपणे म्हणाली, "अमर वगैरे काही नाही. पण तब्येत बरी आहे."

त्यानंतर वाचन असं झालंच नाही. पोर्फिरियो चष्मा काढून डोळे टिपत होते, त्यांची बायको त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती.

घरी परतताना रुमिल्दा ब्लासिदाच्या पुढे पुढे चालत होती. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "मी रडवायला गेले होते, ब्लासिदा."

"रडले की सगळे. मी तर दोन रुमाल भिजवले."

"चेष्टा करू नकोस. मला खरंच वाईट वाटलंय."

ब्लासिदाने मग चेष्टा केली नाही. तिचा हात धरून दारापर्यंत आली.

रविवारी रुमिल्दाने एकेका आत्म्याला त्याच्या जागी परत बसवलं आणि व्रत मोडून कादंबरी पहिल्यापासून वाचली. अंत्यविधीपर्यंत पोचेतो तिला तीनदा जांभई आली. जिवंत माणूस असा एकच सापडला, किडक्या दाढेचा चुलतभाऊ, आणि तो तर कार्डावरच राहिला होता. सगळं पुसून टाकावं, असं तिला वाटलं. पण बोट कळेवर ठेवून ती नुसतीच बसून राहिली.

सोमवारी सकाळी दोन्या पेट्रोना हजर. कवळीला काहीही झालेलं नव्हतं.

"गल्लीतली पोरं मला बघून तोंडाने ट्रम्पेट वाजवतात," ती खुर्चीत बसत म्हणाली. "वाजवू देत. पण ज्याच्याबरोबर मी पळाले तो दिसायला कसा होता, एवढं तरी कळायला नको?"

"ते मी अजून ठरवलं नाही, दोन्या."

"मग एवढे दिवस काय लिहिलंत? घ्या, उघडा ते यंत्र."

रुमिल्दाने उघडलं. टोपी घरी राहिली होती आणि बाहेर पेशंट ताटकळत होते. तरी म्हातारी सांगत गेली, हिने मध्येच भर घातली, दोघी खिदळल्या, आणि ब्लासिदाने येऊन हटकलं तेव्हा पट्टी हिरवी होऊन गेली होती.

तेव्हापासून रुमिल्दा दवाखान्यातच लिहायची. सुई टोचल्यावर हिरडी बधिर होईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात ती पेशंटला नवं पान वाचून दाखवायची. पेशंटला बोलता येत नसे. पोट हललं तर पान ठेवायचं, नाही तर काढायचं. एक पोलीस इतका हसला, की त्याला पुन्हा सुई द्यावी लागली. चुलतभाऊ कार्डावरून उतरून चौथ्या प्रकरणात आला आणि सर्कशीच्या तंबूत त्याने दाढ उपटून घेतली. नायिकेचं नाव पेट्रोनाच राहिलं.

शेवटचं प्रकरण तिने दोन्या पेट्रोनाच्या अंगणात, आंब्याखाली बसून वाचलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावरही तिने डोळे उघडले नाहीत.

"आवडलं नाही का?" रुमिल्दाने हळूच विचारलं.

"आवडलं. पण त्या ट्रम्पेटवाल्याला म्हणावं, पहाटे जरा हळू वाजव. शेजारी झोपलेले असतात."

रुमिल्दाने लॅपटॉप पुन्हा उघडला.