शेवटच्या हूंपासून पुढे

डिचोलीच्या बाजारात कृष्णनाथ यांचं गाद्यांचं दुकान आहे. बाजारातली इतर दुकानं जेवणवेळेला बंद होत, तेव्हा तेही बंद होई आणि उन्हं कलल्यावर उघडे. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा गौरेश याने ही पद्धत मोडायचं ठरवलं. मॉलवाले दुपारी झोपत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

"मॉलवाले झोपणत नाय, पण गिऱ्हाईक झोपता मरे," कृष्णनाथ म्हणाले.

"त्याका ती सवय तुमीच लावलात, बाबा."

गौरेशने व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केला होता आणि त्याच्याशी वाद घातला की तो मोबाइलवर आलेख दाखवी. दुकान दुपारी उघडं राहू लागलं.

कृष्णनाथ दुपारी घरी जात ते झोपण्यासाठी, असा बाजाराचा समज होता. तो अर्धाच खरा होता. शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवून झालं की ते आणि त्यांची पत्नी देवकी चटई टाकून आडवे होत आणि देवकी बोलू लागे. कोणाकडे कोण आलं, काय म्हणालं, कशाला म्हणालं, हे सगळं ती छताकडे बघत सांगे. कृष्णनाथ यांनी फक्त "हूं" म्हणायचं. हूं यायचं बंद झालं की नवरा झोपला असं समजून तीही कुशीवर वळे. दुसऱ्या दिवशी गोष्ट शेवटच्या हूंपासून पुढे सुरू होई. लग्नापासून यात खंड पडला नव्हता.

दुकान दुपारी उघडं राहायला लागलं, त्याच्या आदल्या दिवशी विषय चोपडे गावच्या पद्मावतीचा होता. पद्मावती ही देवकीची मावसबहीण. तिचे नवे व्याही पहिल्यांदाच जेवायला आले होते आणि त्यांच्यासाठी नदीतल्या जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणून बादलीत ठेवल्या होत्या. त्यातली एक कुर्ली पळाली आणि ओसरीवर काढलेल्या व्याह्यांच्या बुटात जाऊन बसली. जेवण झालं. व्याही निघाले. त्यांनी बूट पुढे ओढला. इथे कृष्णनाथ यांना झोप लागली.

आता ते दुकानात टक्क जागे बसले होते आणि बुटात पुढे काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी संध्याकाळी घरी विचारून पाहिलं.

"आता भाजी चिरतंय," देवकी म्हणाली. "दुपारची गोष्ट दुपारीच. आडवा पडल्याबिगर माका आठवणा नाय."

त्यांनी दुकानातून फोन केला. "अगो, त्या कुर्लेचा काय झाला?" तिने फोन ठेवून दिला.

इकडे दुकानात पहिल्या दुपारी कोणीच आलं नाही. दुसऱ्या दुपारी परेश आला. तो दोडामार्गचा, खाणीवर टिपर ट्रक चालवणारा.

"गादी बघूची होती."

"कसली दाखवू?" गौरेशने उत्साहाने विचारलं.

"पडान बघूक व्हयी."

परेश पडला आणि लगेच घोरू लागला. माल वापरून पाहणारा माणूस तो विकत घेण्याची शक्यता जास्त असते, हे गौरेश शिकला होता. त्याने पंखा वाढवला. दुसऱ्या दिवशी परेश आणखी दोघा टिपरवाल्यांना घेऊन आला. मग सर्वणचे निवृत्त मास्तर यशवंत येऊ लागले. दुपारची बस चुकली की ते स्टँडवरच्या बाकावर पेंगत. आता ते रोजच चुकवू लागले. आठवडा संपेपर्यंत मांडलेल्या सगळ्या गाद्या भरल्या. परेशने चादरी नाहीत अशी तक्रार केली. आपल्या गादीवर ऊन येतं म्हणून मास्तरांनी पडदा मागितला. गादी एकानेही घेतली नाही. गौरेश त्यांना संभाव्य गिऱ्हाईक म्हणत होता.

देवकीचे हाल वेगळेच होते. सांगायचं साठत चाललं होतं. शेजारी नवीन पंप बसला होता, तोही अजून सांगून व्हायचा होता. तिने मांजरीला सांगून पाहिलं. मांजर हूं म्हणत नाही. अखेर एका दुपारी ती छत्री उघडून भर उन्हात दुकानात आली, चपला काढल्या आणि कोपऱ्यातल्या सगळ्यांत महाग गादीवर जाऊन आडवी झाली.

"आई, लोक आसत," गौरेश म्हणाला.

"झोपलेत मरे ते. तुमी येतास काय?"

हे शेवटचं नवऱ्याला उद्देशून होतं. कृष्णनाथ गल्ल्यावरून उठले आणि शेजारी आडवे झाले. देवकीने डोळे मिटले.

"तर व्याह्यानी बुटात पाय घातल्यान."

"हूं," कृष्णनाथ म्हणाले.

"कुर्लेन आंगठो धरल्यान. पण व्याही पडलो मोठो माणूस, पयल्यांदाच इल्लो. वरडतलो कसो?"

"हूं."

"तोंडार हसू ठेवन सगळ्यांका हात जोडीत चलाक लागलो. एक पाय असो, एक पाय तसो."

"हूं. मगे?"

देवकी सुखावली. इतक्या वर्षांत नवऱ्याने "मगे" म्हणून विचारलं नव्हतं.

"मगे गाडयेकडे पोचलो. पद्मावतीन इचारल्यान, जेवण बरा झाला मां? तर म्हणता, कुर्ल्यो एकदम बऱ्यो. एक तर माका सोडूकच तयार नाय!"

दुकान हसलं. परेश गादीवरून खाली पडला. यशवंत मास्तरांना ठसका लागला. गल्ल्यामागे गौरेश तोंडावर हात धरून हलत होता. देवकी ताडकन उठून बसली आणि तिने शेजारी पाहिलं. कृष्णनाथ गाढ झोपले होते. दुसऱ्या हूंपासूनचे सगळे हूं इतर गाद्यांवरून आले होते.

"लाज नाय? तुमच्या घराक बायलो नाय काय?"

"आसा," परेश जमिनीवरूनच म्हणाला. "पण ती असा काय सांगणा नाय, वैनी."

"तू कधी हूं म्हटलंस तिका?"

परेश विचारात पडला. मास्तर चष्मा शोधू लागले.

"उठा सगळे. आणि खबरदार, ह्यांका कोणी सांगलात तर!"

गडबडीने कृष्णनाथ जागे झाले. "काय झाला? बुटात पाय घातल्यान, मगे?"

"उद्या," देवकी छत्री घेत म्हणाली. "घराक."

संध्याकाळपर्यंत व्याह्यांचं उत्तर बाजारभर झालं. चहावाला ते सांगून हसत होता, फुलवाली हसत होती. कृष्णनाथ विचारायला गेले की सगळे हसू दाबत. "वैनीन शपथ घातल्यान," म्हणत. डिचोलीत आपण एकटेच अडाणी उरलो, हे त्यांच्या फार मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ होताच त्यांनी शटर ओढायचा आकडा घेतला.

"बाबा, गिऱ्हाईक!"

"घराक गेला ता," कृष्णनाथ म्हणाले. ते खरं होतं. परेश आला नव्हता, आणि मास्तर चक्क वेळेवर बस धरून सर्वणला गेले होते. शटर खाली आलं. कृष्णनाथ इतक्या झपाट्याने चालू लागले की गौरेशला त्यांना गाठता आलं नाही.

गौरेश घरी पोचला तेव्हा बाहेरच्या खोलीतून "हूं" ऐकू येत होतं, ठणठणीत, झोपेचा लवलेश नसलेलं. त्याची बायको गौरवी सकाळच्या शाळेत शिकवून येऊन, जेवून मोबाइल बघत पडली होती. तो तिच्या शेजारी आडवा झाला आणि छताकडे बघू लागला.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"काय पण. मी हूं म्हणतंय."

गौरवीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिने मोबाइल उलटा ठेवला, उशी नीट केली आणि सुरुवात त्यांच्याच लग्नातल्या पहिल्या पंगतीपासून केली.