मेलेल्या तोरमुजचा कागद

सोनाफरला त्याच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारून पाच वर्षं झाली होती. जहाजावर तो तोरमुज. खरा तोरमुज खिदिरपूरच्या खानावळीत तापानं गेला आणि त्याचा नोकरीचा कागद तेवढा मागं राहिला. कागदाशिवाय नवख्या माणसाला जहाजावर कोण घेतो? खलाशांचा मुकादम अयूब सारंगनं तो कागद सोनाफरच्या हातात कोंबला नि बजावलं, "आजपासून तू तोरमुज. घरी पत्रबित्र काही नको. गावात फुटलं तर तू आत, आणि तुझ्यामागं मी." त्याच्या सिल्हेटकडची कितीतरी माणसं अशी उसन्या नावानं बॉयलरमध्ये कोळसा टाकत होती, त्यात नवल ते काय!

आज खिदिरपूरच्या धक्क्यावर कोळसा भरून झाला होता. सुटण्याआधी गोरा साहेब शिडीपाशी हजेरी घेत होता. सोनाफर रांगेत उभा, नखशिखांत काळा. एवढ्यात खालून हाक आली, "भाई! सोनाफरभाई!"

मान आपसूक वळली. इथंच घात झाला. खाली धाकटा भाऊ मोखलिस उभा होता.

"कोण तो?" साहेबानं विचारलं.

"असेल कुणी येडा," अयूब म्हणाला आणि त्यानं सोनाफरच्या बरगडीत कोपर मारलं.

मोखलिस शिडीच्या तोंडाशी आला. "तीन दिवस जहाजं धुंडाळतोय. तूच ना रे? या काजळीत काही ओळखू येत नाही. गावात म्हणतात, तू बुडालास. शुक्रवारी जयतूनभाभीचा निकाह ठरलाय." त्यानं नजर खाली वळवली. "माझ्याशी. तू असशील तर आत्ताच सांग, बाबा."

जयतून सोनाफरची बायको. तिच्यासाठीच तर तो पाच वर्षं त्या भट्टीपुढं भाजून निघाला होता. पण साहेबाची पेन्सिल कागदावर थांबली होती, डोळे त्याच्यावर. हो म्हणावं तर तुरुंग, अयूबसकट.

"तुझी गफलत होतेय, भावा," तो म्हणाला. "मी तोरमुज."

मोखलिसनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं. माफ करा," म्हणाला आणि निघाला.

हजेरी आटोपून साहेब वर गेला. खलाशांनी शिडी ओढून घेतली. सोनाफर कठड्याकडं धावला. "मोखलिस, अरे मीच तो! थांब!"

मोखलिस वीसेक पावलांवर होता. हाक पोचली. त्याचे खांदे एकदम आखडले, हे सोनाफरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण मोखलिस वळला नाही. पाय उचलत तो गोदामाआड निघून गेला.