ग्लीची नोंद

नवरा गेल्यावर मी रडले नाही. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं, बाई मोठी धीराची म्हणाले. नंतर तेच लोक माझ्याकडे टकमक बघायला लागले. धीरबीर काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तशी मी अख्खीच्या अख्खी झाले होते. चहा गरम आहे हे वाफ बघून कळायचं.

मग एका सकाळी सूनबाई ओट्यापाशी येऊन लाजत म्हणाली, "आई, तुम्ही आजी होणार."

मी म्हटलं, "बरं. दूध उतू चाललंय बघ."

दूध खरंच उतू चाललं होतं, पण म्हणून काय झालं? पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने गॅस बंद केला आणि ओटा पुसत बसली. दुसऱ्या दिवशी मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "आई, तुला आनंद नाही झाला?" झाला की, म्हणाले मी. झाला नव्हता. झाला नाही याचं वाईटही वाटलं नव्हतं. भीती मात्र एक होती. उद्या बाळ येईल, कोणी तरी कौतुकाने माझ्या मांडीवर ठेवेल आणि मी त्याच्याकडे उशीकडे बघावं तशी बघेन. सुनेने ते पाहिलं तर ती मला जन्मात माफ करणार नाही, आणि तिचं काही चुकणारही नाही.

नोकरीवर जात होते. आमचं ऑफिस इंग्रजी-मराठी कोशाचं. एक लांबट खोली, भिंतभर कपाटं, चार टेबलं. एकावर संपादकबाई, एकावर मुद्रितं तपासणाऱ्या मावशी, एकावर मी आणि खिडकीजवळच्या चांगल्या टेबलावर अर्थातच प्रोफेसर. निवृत्त झाले तरी त्यांचा वर्ग काही सुटला नव्हता. पेन्सिल मागितली तरी पेन्सिलीचा इतिहास ऐकावा लागे.

आमच्याकडे दर शुक्रवारी 'झाकणी' असते. ज्याने नोंद लिहिली त्याने मूळ शब्दावर पट्टी ठेवायची आणि फक्त अर्थ आणि वाक्य वाचायचं. बाकीच्यांनी शब्द ओळखायचा, आणि कोणाकडे कोणता शब्द आहे हे ठाऊक असलं तरी वाचलेल्यातून जो निघेल तोच सांगायचा. ओळखला तर नोंद पास, नाही तर परत टेबलावर. ही पद्धत संपादकबाईंची, आणि भल्याभल्यांची तिथे दांडी गुल होते.

त्या महिन्यात आनंदाचे शब्द चालू होते. दैव बघा! प्रोफेसरांनी ब्लिस, म्हणजे परमानंद, मागून घेतला. माझ्या वाट्याला आला ग्ली.

शब्द तसा गमतीचा होता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ करमणूक, गाणंबजावणं. गाऊन-वाजवून लोकांना रिझवणाऱ्यांचा तो शब्द. मग अर्थ सरकत सरकत आनंदावर आला. पुढे मधली दोनेकशे वर्षं तो जवळजवळ वापरातूनच गेला. एका जुन्या कोशकाराने तर हा शब्द आता थट्टेत किंवा हेटाळणीतच वापरतात असं नोंदवून त्याची जवळजवळ तिरडी बांधली होती. आणि हा पठ्ठ्या थोड्याच वर्षांत उठून पुन्हा हिंडायला लागला. का, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. हे सगळं मी टिपून घेतलं, पोस्टातला माणूस शिक्के मारतो तसं. एरवी असं काही सापडलं असतं तर मी खुर्चीत बसू शकले नसते.

अर्थ लिहिला: इष्ट गोष्ट घडल्याने निर्माण होणारी अनुकूल मनोवस्था. झाकणीत मावशी म्हणाल्या, "प्रमोशन?" संपादकबाई म्हणाल्या, "सॅटिस्फॅक्शन." प्रोफेसर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, हे वीजबिल भरल्याचं वर्णन आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

संपादकबाईंनी मला थांबवून घेतलं. "पुढच्या शुक्रवारपर्यंत बघा. नाही जमलं तर प्रोफेसरांना देते. नोंदीचं जाऊ दे हो, पण तुम्ही भांडला नाहीत, त्याची मला काळजी वाटते."

आठवडाभर मी कागदासमोर बसून होते. घरी सून माझ्याशी जपून बोलत होती, पाहुण्यांशी बोलावं तसं. तिचे डोहाळे मला शेजारणीकडून कळले. शुक्रवार आला तेव्हा माझा कागद कोराच होता. वाचायला आधी प्रोफेसर उभे राहिले. घसा साफ केला, ब्लिसवर पट्टी ठेवली आणि सभेत वाचावं तसं वाचलं:

"अशी अवस्था, जिच्यात इच्छा, हालचाल व वेदना उरत नाहीत, बाह्य जगाचे भान सुटते, व जी दीर्घकाळ टिकू शकते. वाक्य: काका गेले तीन दिवस याच अवस्थेत आहेत."

मावशींनी कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि अगदी कळवळून म्हणाल्या, "कोमा."

"मलाही कोमाच वाटलं," संपादकबाई म्हणाल्या. "कुठल्या हॉस्पिटलात आहेत काका?"

प्रोफेसरांचं तोंड उघडं ते उघडंच. पट्टी हातातून खाली पडली. आणि माझ्या पोटात काही तरी हललं. आधी मला वाटलं, मळमळतंय. मी पदर तोंडावर धरला, पण उपयोग झाला नाही. खुदकन जे हसू फुटलं ते थांबेना. टेबलावर डोकं टेकून मी हसत होते, खांदे गदगदत होते. जिरली! वीजबिल म्हणाला होता नाही का, चांगली जिरली!

हसता हसताच मी कागद ओढला आणि लिहिलं. मग पट्टी ठेवून वाचलं: "मनात न मावणारा, उकळ्या फुटणारा आनंद, बऱ्याचदा दुसऱ्याची फजिती बघून होणारा, किंचित दुष्ट. तो झाला की माणसाला चैन पडत नाही, कधी एकदा कोणाला सांगते असं होतं."

"ग्ली!" दोघी एकदम ओरडल्या. प्रोफेसरही पुटपुटले, "ग्ली. दुसरं काय."

घरी निघाले ती जवळजवळ पळतच. रस्त्यात दोनदा एकटीच हसले, एक बाई वळून बघत राहिली. बघू दे. काकांचं हॉस्पिटल कसं सांगायचं, मावशींचा आवाज कसा काढायचा, सगळं जुळवत मी जिने चढले. दार लोटलं, चपला भिरकावल्या आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडले, "अहो, ऐकलंत का! त्या प्रोफेसराची आज काय मस्त जिरली!"

सूनबाई ओले हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आई, कोणाला हाक मारलीत?"

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, ती धावत आली आणि मला धरून खाली बसवलं. मग मी जी ओरडून रडले, ती शेजारपाजारचे दारं उघडून बाहेर येईपर्यंत. माझा नवरा गेला, हे मला त्या संध्याकाळी कळलं.